पौष लागायच्या आत: धालोची गाणी आणि वीस घुमट

सप्रेम नमस्कार.

पौष, म्हणजे गोव्यातल्या आमच्या बायकांच्या धालो या रात्रीच्या गाण्या-नाचाचा महिना, तोंडावर आला आहे आणि गल्ल्यात अजून निम्मीही रक्कम नाही, म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहोत.

आधी ऋण मान्य करू. दोन पावसांत मांड, म्हणजे धालो खेळायचे अंगण, खचला, तेव्हा चिरे उतरवून देणारा टेम्पोवाला, भाडे न घेता. शेण-मातीने तो चोपून सारवणाऱ्या वरल्या वाड्यावरच्या वयनी. तारवावरून दर सुट्टीला न विसरता पाकीट आणून देणारे आमचे दोघे तारवटी (जहाजावरचे खलाशी). पाचही रात्री पोहे, गूळ, नारळ पुरवणारा मडगावचा दुकानदार. आणि आपल्या पेटीतले लाल चौकड्यांचे सुती कापड (लुगडे) काढून मुलींना खांद्यावरची गाठ बांधायला शिकवणाऱ्या आजी. त्या गाठीत पिन लागत नाही, हे मुलींना तेव्हा कळले. पॉलिएस्टरवर मात्र ती गाठ टिकत नाही, सुटतेच.

आता थोडे मनातले. २००३ साली गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. दाखल्यासाठी अर्ज लिहून द्या म्हणणारे रोज दारात असतात, आणि ते काम आम्ही आनंदाने करतो. पण धालोसाठी पावतीपुस्तक पुढे केले की 'शिगमो झाल्यावर बघू'. शिगम्याच्या (शिमग्याच्या) मिरवणुकीत चित्ररथासमोर फोटो काढायला गर्दी असते. मांडावर बसून गाणे शिकायला कोण येते?

यंदा दोन कामे आहेत. पहिले धालोच्या ध्वनिमुद्रणाचे. मांडावर पुरुषांनी यायचे नाही, तेव्हा मुद्रण मुलींनीच करायचे. सहा मुली तयार होत आहेत. बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, एक रांग ओळ म्हणते, दुसरी उचलते. रेकॉर्डर एका टोकाला ठेवला की दुसरी रांग पुसट येते, म्हणून तो मधोमध, कमरेच्या उंचीवर, बायकांच्या वाटेत येणार नाही असा ठेवायचा. मोबाईल नको: आवाज वाढला की तो आपोआप दाबतो आणि फुगडीच्या टाळीत शब्द बुडतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा मुद्रणाला तासाला साधारण १ जीबी जागा लागते. रोज चार तास धरले तर पाच रात्रींचे २० जीबी, आणि प्रत्येक फायलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत. शब्द आजी उच्चारतात तसेच लिहायचे, 'शुद्ध' करायचे नाहीत. मांडाची सुरुवातीची गाऱ्हाणी, म्हणजे देवाला केलेली प्रार्थना, मुद्रित होतील, पण गाणाऱ्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाहीत.

दुसरे काम घुमटांचे, म्हणजे तोंडावर कातडे ओढलेल्या मातीच्या वाद्यांचे. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला, पण वाड्यावर चांगली वाजणारी घुमटे मोजकीच उरली आहेत. पूर्वी घुमटाला लावत त्या घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी आहे आणि ते बरेच आहे. बकरीचे कातडे भिजवून, केस काढून, मडक्याच्या रुंद तोंडावर ओढून सुतळीने आवळायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात घाई केली की ते कडेला फाटते. दमट हवेत ते सैल पडते. वाजवण्यापूर्वी निखाऱ्यापासून हातभर लांब धरून शेकावे लागते, जवळ नेले तर आक्रसून फाटते. मुलांना हे सांगून समजत नाही, दोन कातडी फाटली की समजते, म्हणून हिशेबात चार जास्तीची धरली आहेत.

खर्च असा: वीस घुमट व जास्तीची कातडी ₹२४,०००, दोन रेकॉर्डर ₹३६,०००, कार्डे व दोन हार्ड डिस्क ₹१२,०००, नऊ गाणाऱ्या आजींना प्रत्येकी ₹२,००० मानधन, ₹१८,०००. एकूण ₹९०,०००. हाती ₹३१,५००. हवेत ₹५८,५००.

रोख वा धनादेश, पावती लगेच. रविवारी सकाळी १० ते १ सचिवांकडे. इतर दिवशी आधी निरोप द्यावा. जुने सुती कापड, मडके, चालू स्थितीतला लॅपटॉप चालेल. फुटके घुमट टाकू नका, त्याचे माप घ्यायचे आहे. कोणाच्या आजीला गाणी येत असतील तर पैशांआधी ते कळवा.

देव बरें करूं.

सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने