नऊ महिने थांबवल्याबद्दल

आदरणीय मावशींना,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र उघड असले तरी त्यात तुमचे नाव लिहिलेले नाही, आणि त्याचे कारण तुम्हीच मला शिकवलेले आहे. करिंथच्या मंडळीत माणसांच्या नावांवरून तट पडले, तेव्हा क्रिस्प व गायस यांच्याखेरीज तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही, याबद्दल पौलाने देवाचे आभार मानले आणि मागाहून आठवण होऊन स्तेफनाच्या घरच्यांची त्यात भर घातली. तो भाग तुमच्या बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात वाचताना तुम्ही मनापासून हसला होतात. "हिशेब ठेवला असता, तर असा विसर पडला असता का?" हे तुमचे शब्द होते. तुम्ही किती जणांना तयार केलेत, याचा आकडा कोणी विचारला की तुम्ही विषय का बदलता, ते मला त्या दिवशी समजले.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझा प्रश्न एकच होता: तारीख कोणती? विश्वास ठेवला आहे, पापांची क्षमा मागितली आहे, आता पाण्यात उतरायचे आणि नव्या आयुष्याचे एक प्रकारचे प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे, अशी माझी समजूत होती. तुम्ही तारीख दिली नाहीत. आठवड्यातून एकदा येऊन बसायला सांगितलेत, आणि हे बसणे नऊ महिने चालले. खरे सांगायचे तर पहिले दोन महिने मला तुमचा राग आला होता. पवित्र शास्त्रातले दाखलेही मी शोधून आणले होते: पन्नासाव्या दिवसाच्या सणाला सुमारे 3000 लोकांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला, रथातून चाललेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला फिलिप्पाने वाटेतल्या पाण्यातच बाप्तिस्मा दिला आणि फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने तर मध्यरात्र उलटल्यावर, उजाडेपर्यंतही न थांबता तो घेतला. मग मीच का थांबायचे?

तुम्ही वाद घातला नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडून त्यातली तेहेतिसावी ओवी मला मोठ्याने वाचायला लावलीत. त्या नायकाने त्याच घटकेस आपल्या कैदेतल्या पौल व त्याचा सोबती सीला यांना नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या, आणि मग लगेच त्याचा व त्याच्या सर्व माणसांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांचे पाय त्याने स्वतः खोड्यात अडकवले होते, त्यांच्याच फटक्यांचे वळ त्याने आधी आपल्या हातांनी धुतले. याने त्यांना धुतले आणि तोही धुतला गेला, हे पुढे चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोमनेही आपल्या प्रवचनात टिपले आहे, हे मला बऱ्याच नंतर कळले. तुम्ही मात्र एवढेच विचारलेत, "तुला कोणाच्या जखमा धुवायच्या आहेत का?"

माझ्या सख्ख्या भावाशी मी सहा वर्षे बोललो नव्हतो, आणि चूक बहुतांशी माझी होती. मी ते सांगितल्यावर तुम्ही जे म्हणालात, ते जपून म्हणालात, आणि त्या जपण्यासाठी मी विशेष ऋणी आहे. समेट झाला तरच बाप्तिस्मा, अशी अट तुम्ही घातली नाहीत, कारण कृपा कमाईने मिळत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी शिकवले होते. नायकाला बाप्तिस्मा मिळाला तो जखमा धुतल्याची मजुरी म्हणून नव्हे. ज्याच्यात विश्वास जागा झाला, त्याचे हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे गेले, असा तुमचा अर्थ होता. मी भावाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तरीही तुम्ही मला पुढे नेलेत.

या नऊ महिन्यांत मी सर्वांत जास्त शिकलो ते एका वाक्यावरून. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने दिलेली आज्ञा मला लहानपणापासून पाठ होती, पण मूळ ग्रीक भाषेत त्या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे आणि ते 'शिष्य करा' हे आहे. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही त्याच्या आधाराने उभी आहेत, हे तुम्ही दाखवलेत. शिवाय तिथे नुसते 'शिकवा' असे नाही, 'पाळावयास शिकवा' असे आहे. ऐकून घेतलेली शिकवण आणि अंगवळणी पडलेली शिकवण यांतले अंतर तुम्ही कधी विसरू दिले नाहीत. रोम येथील हिप्पोलितुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मंडळीनियमांत तर बाप्तिस्म्याच्या उमेदवाराने तीन वर्षे वचन ऐकावे असे म्हटले आहे, आणि शेवटी त्याच्याविषयी जे विचारायचे ते असे: याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटी दिल्या का? ते ऐकल्यावर माझ्या नऊ महिन्यांची तक्रार बंद झाली.

थांबण्याचा दुसरा प्रकारही तुम्ही सांगितलात आणि त्याविषयी सावध केलेत. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो 337 मध्ये, मृत्यू जवळ आल्यावर. पुढे मंडळीचा थोर शिक्षक झालेला ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी झाली होती, पण तो बरा झाल्यावर ती पुढे ढकलली गेली, कारण बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचा दोष अधिक जड असतो असे मानले जाई. अखेर 387 च्या पुनरुत्थान सणाला मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोस याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. शिकण्यासाठी थांबणे वेगळे आणि मनासारखे जगून घेण्यासाठी थांबणे वेगळे. मी कोणत्या कारणाने थांबलो आहे, हे तुम्ही मला दर महिन्याला विचारत असा.

पाणी किती असावे, बाप्तिस्मा बालपणी की जाणतेपणी, यांवर मी अनेकदा वाद उकरून काढला. आपल्या मंडळीची रीत तुम्ही स्पष्ट सांगितलीत, पण बालपणी बाप्तिस्मा होऊन पुढे दृढीकरण (जाणतेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेल्या माझ्या मित्रांविषयी एकही उणा शब्द काढला नाहीत. 'दिदाखे' या अतिप्राचीन लेखात वाहते पाणी सांगितले आहे, ते नसेल तर दुसरे, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, एवढे दाखवून तुम्ही तो विषय मिटवलात. माझ्या मते तो इतक्याच वेळेच्या लायकीचा होता.

मरणाचा धडा मात्र तुम्ही मिटवला नाहीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायावर आपण पाच आठवडे होतो. ख्रिस्ताच्या मरणात बाप्तिस्मा घेणे म्हणजे त्याच्याबरोबर पुरले जाणे, हे मी तोपर्यंत अलंकारिक बोलणे समजत होतो. उजवीकडे व डावीकडे बसण्याची जागा मागणाऱ्या याकोब व योहान यांना येशूने आपल्या दुःखसहनालाच बाप्तिस्मा हे नाव देऊन, तो तुम्हाला घेता येईल काय, असे विचारले होते, हे तुम्ही शेजारी ठेवलेत, आणि माझी प्रमाणपत्राची कल्पना तिथे संपली. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीत आपल्यातला जुना मनुष्य, म्हणजे पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडवला जावा असे म्हटले आहे. त्यावर, तो जुना मनुष्य पोहण्यात पटाईत असतो, अशी तुमची पुस्ती होती.

त्या रविवारी पाण्याखाली गेलो ते एखादा क्षण असेल. कान बंद झाले, पाळकांचा आवाज दूर गेला, आणि स्वतःला वर काढणे माझ्या हातात नाही एवढेच कळले. तिसऱ्या आठवड्यात मात्र प्रार्थना कोरडी पडली, जुना संताप परत आला, आणि आपला बाप्तिस्मा लागूच पडला नाही की काय, असे वाटू लागले. तुम्ही न बोलावता आलात. बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर आल्यावर येशू कोठे गेला, असे विचारलेत. अरण्यात, चाळीस दिवस, मी म्हणालो. "मग तू कोठे जाशील असे तुला वाटले होते?" एवढे बोलून तुम्ही पुढच्या आठवड्याची वेळ ठरवलीत, कारण वर्ग संपलेला नव्हता, आणि तो अजूनही संपलेला नाही. तुम्ही मला थांबवलेत त्याबद्दल मी आभारी आहे, आणि त्या रविवारनंतर तुम्ही थांबला नाहीत त्याबद्दल त्याहून अधिक.

गेल्या महिन्यापासून एक तरुण माझ्याकडे येऊन बसतो. पहिल्याच भेटीत त्याने तारीख विचारली. मी त्याच्यापुढे सोळावा अध्याय उघडून ठेवला आहे. माझ्या भावाचे उत्तर अद्याप आलेले नाही. तिसरे पत्र या आठवड्यात पाठवले आहे.

आपला कृतज्ञ,
तुमच्या वर्गातला एक विद्यार्थी