रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपली मासिक बैठक आहे. विषय: स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवरचं मानसशास्त्रीय आणि मेंदूविषयक संशोधन.

सुरुवात १९८५ च्या सॅली-अ‍ॅन प्रयोगापासून करू. सॅली नावाची बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती काढून खोक्यात टाकते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं. पण चौघांनी ‘टोपलीत’ हे बरोबर उत्तर दिलं, कारण गोटी हलवलेली सॅलीने पाहिलेली नसते, आणि मला ते चौघे फार मोलाचे वाटतात. ‘या मुलांना दुसऱ्याचं मन कळतच नाही’ असं सरसकट म्हणताना त्यांना विसरू नका.

मेंदूच्या स्कॅनमध्ये गटांच्या सरासरीत फरक दिसतो, पण एकेका मुलाचं निदान अजूनही त्याचं वागणं बघून आणि पालकांशी बोलूनच होतं. ‘स्कॅनवरून ऑटिझम ओळखा’ असल्या जाहिराती कृपया गटात पाठवू नयेत. लसीमुळे ऑटिझम होतो का, हा वादही नको. तसा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आहे.

येताना आपल्या मुलाची एक छोटी नोंद आणा: कोणत्या आवाजाला ते कान झाकतं, कशात रमतं. नाव लिहू नका.