पेटीवाल्यांचं यंत्र

रामबाग, इंदूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी बाजाची पेटी आणि आपला व्ह्यू-मास्टर, ते डोळ्यांना लावून चकतीवरची चित्रं उठावदार बघायचं खेळणं, हे एकमेकांचे नातेवाईक निघालेत! फोनवर घाईत सांगून हे वाया घालवायचं नव्हतं, म्हणून पत्र.

माळ्यावरच्या ट्रंकेत व्ह्यू-मास्टर आणि चकत्यांचा डबा सापडला. तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. डोळे दोन, दिसतं एकच, मग त्या दिसण्यात खोली कुठून येते, हे प्रयोग करून पहिल्यांदा दाखवलं लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनने, 1838 साली. आपल्या डोळ्यांत साधारण 6.5 सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला थोडं निराळं चित्र दिसतं आणि त्या फरकातूनच मेंदू खोली ताडतो. फोटोग्राफी तेव्हा जगापुढे यायची होती. म्हणून त्याने साध्या रेघांच्या चित्रांच्या जोड्या काढल्या आणि आरसे लावून ज्या त्या डोळ्याला ज्याचं त्याचं चित्र दाखवलं. सपाट कागदावरच्या रेघा उठून उभ्या राहिल्या.

आणि हा व्हीटस्टन कोण? वाद्यं बनवणाऱ्या घरातला माणूस! कॉन्सर्टिना त्यानेच काढली. दोन हातांत धरायचा छोटा भाता, आत हवेवर मोकळ्या थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे रीड. तुझ्या पेटीतही तेच तत्त्व. मला तर हे वाचून तुला तिथल्या तिथे हाक मारावीशी वाटली.

पुढचा माणूस विल्यम ग्रुबर. जर्मनीतून अमेरिकेत गेलेला, पियानो सुरात लावून देणारा. 1938 मध्ये ओरेगॉनमधल्या गुहांपाशी तो दोन कॅमेरे शेजारी-शेजारी बसवून फोटो काढत होता. सॉयर्स या पिक्चर पोस्टकार्डवाल्या कंपनीचा हॅरॉल्ड ग्रेव्ह्ज तिथे फिरायला आलेला. हे काय चाललंय म्हणून त्याने चौकशी केली आणि पुढच्या वर्षी, 1939 मध्ये, व्ह्यू-मास्टर बाजारात आला. युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी लाखभर व्ह्यू-मास्टर आणि जवळजवळ 60 लाख चकत्या घेतल्या. डिस्नेची चित्रं नंतर आली, 1951 नंतर. आपण अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या मिरवणुकीची वाट बघत ओट्यावर बसून जी आलटून पालटून बघायचो, ती हीच. तू एकदा हातात घेतलास की चकती पुरी फिरल्याशिवाय सोडायचा नाहीस आणि बाकीची पोरं ओरडत राहायची.

आता एक गंमत खास तुझ्यासाठी. चकती हातात घे. कडेने 14 खिडक्या आहेत, नखाएवढ्या, पण चित्रं सातच. शेजारच्या दोन खिडक्या कधीच एका चित्राच्या नसतात, जोडी असते बरोबर समोरासमोरची. म्हणजे पहिल्या खिडकीची जोडीदार आठवी. 14 मात्रांचा झुमरा ताल घे: तालाची सम पहिलीवर, बिनटाळीची ‘खाली’ आठवीवर! गायक आमीर खाँसाहेबांच्या इंदुरात वाढलेल्या आपल्याला हे इतकी वर्षं सुचलं नाही. खटका दाबला की चकती एकदम दोन घरं सरकते. एकच घर सरकली असती तर सात खटक्यांनंतर डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला गेलं असतं आणि जवळचं लांब, लांबचं जवळ दिसलं असतं. कुणी किती बारकाईने विचार केलाय बघ. समोरासमोरच्या दोन खिडक्या भिंगाखाली धरल्या तर पुढचा खांब मागच्या डोंगरासमोरून केसभर सरकलेला दिसतो. तेवढ्या केसभरात सगळी खोली आहे.

मला खरं लिहायचंय ते रंगांबद्दल. डब्यातल्या काही चकत्या अजून ताज्या आहेत, आल्प्सवरचं आकाश निळंशार. काही मात्र पार लालगुलाबी झाल्यात: गवत लाल, समुद्र लाल. डबा एकच, हवा तीच. फरक फिल्मचा. जुन्या चकत्यांत कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म वापरायचे. त्या फिल्ममध्ये मुळात रंग नसतोच, काळ्या-पांढऱ्याचे तीन थर असतात आणि रंग नंतर फिल्म धुताना, एकेका थरात वेगवेगळे, चढवले जातात. त्यामुळे रंग बनवणारं रसायन फिल्ममध्ये उरत नाही, आणि अंधारात ठेवले तर हे रंग वर्षानुवर्षं टिकतात. प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात मात्र ते लवकर विटतात. पुढे व्ह्यू-मास्टरच्या कंपनीचा मालक बदलला आणि सत्तरच्या दशकात तिने दुसरी फिल्म वापरायला घेतली. तिच्यातला निळसर रंग आधी उडतो आणि मागे लाली राहते.

ही कोडॅक्रोम बनवली लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघांनी, 1935 मध्ये. मॅन्स पियानो वाजवायचा, गोडोव्स्की व्हायोलिन. डार्करूममध्ये घड्याळ बघायची सोय नाही, म्हणून हे दोघे संगीतकार ब्राम्सच्या सिंफनीचा शेवटचा भाग शिट्टीवर वाजवायचे, सेकंदाला दोन मात्रा अशा लयीत, आणि त्यावर रसायनाची वेळ मोजायचे. सुहास, आल्प्सचं ते निळं आकाश कुणाच्या तरी पक्क्या लयीमुळे टिकलंय. गाण्या-बजावण्याने पोट भरत नाही म्हणून तुला लहानपणी जे ऐकावं लागलं, त्या सगळ्यांना बोलावून हे सांगावंसं वाटतं. कोडॅक्रोम 2009 मध्ये बनायची थांबली आणि 2010 च्या डिसेंबरनंतर कान्सासमधल्या शेवटच्या लॅबनेही ती धुणं बंद केलं. आता ती कुठेच होत नाही, म्हणून आपल्याकडे आहे ती जपायची.

काकांनी आणलेल्या चकत्या तुझ्याकडेच आहेत, ताजमहालाची आणि ती जिराफांची. त्या शोध. खिडकीच्या उन्हात ठेवू नकोस, कोरड्या डब्यात, अंधारात ठेव. प्रत्येक चकतीच्या मधोमध नाव आणि नंबर छापलेला असतो, तो उतरवून मला पाठव, आणि कुठली लाल झालीय तेही लिही. म्हणजे कुठली कुठल्या फिल्मवरची ते लावता येईल. दिवाळीत येताना डबा हातातल्या पिशवीतच आण, सामानात टाकू नकोस. पेटीही आण. झुमऱ्याचा ठेका धरायला मी आहेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल