लाळेची तार समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी अण्णांच्या तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार, ज्यांना आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, पूर्ण झाले आणि त्यांचे तोंड असे कोरडे पडले की भाकरीचा तुकडा टाळूला चिकटून बसे व बोटाने काढावा लागे. उपचार झाले तिथे ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगितले होते. अण्णा उशाशी तांब्या ठेवून रात्रभर पाणी पीत आणि थोड्याच वेळात जीभ पुन्हा लाकडासारखी होई.

आपण मला माझीच लाळ अंगठा व तर्जनीत घेऊन बोटे हळूच दूर करायला लावलीत. मध्ये बारीक तार ताणली गेली. नळाच्या पाण्याने तसे काहीच झाले नाही. लाळेत ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असले तरी ही तार म्युसिन नावाच्या प्रथिनांची आहे, असे सांगून आपण कागदावर चित्र काढलेत: मधोमध प्रथिनाचा लांब धागा आणि त्यावर, बाटली धुण्याच्या ब्रशाला केस असावेत तशा, साखरेच्या असंख्य साखळ्या. यातल्या कित्येक साखळ्यांवर ऋण भार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात, धागा ताठ राहतो आणि पाणी धरून ठेवतो. एमयूसी५बी या मोठ्या म्युसिनचे धागे टोकांशी गंधकाच्या बंधांनी जोडले जाऊन त्यांचा बुळबुळीत थर होतो. छोट्या एमयूसी७चा असा थर होत नाही, पण ते जंतूंना चिकटून त्यांचे पुंजके करते व ते लाळेबरोबर गिळले जातात. मी भेंडीची उपमा दिली, तेव्हा भेंडीची तार मुख्यतः साखरेच्या साखळ्यांचीच असते, हा फरकही आपण आवर्जून दाखवलात.

कानाजवळच्या ग्रंथींची लाळ पातळ असते, म्युसिन येते ते जबड्याखालच्या, जिभेखालच्या आणि ओठ-गाल-टाळूतल्या बारीक ग्रंथींतून, आणि अण्णांचा शेक नेमका तिथेच बसला होता, हे ऐकले तेव्हा पाणी तोंडात का टिकत नाही ते मला पहिल्यांदा कळले. सतत घोट घेतल्याने उरलेसुरले म्युसिनही धुऊन जाते, म्हणून आपण मोजके घोट, झोपताना कृत्रिम लाळेचे जेल, आमटीत कुस्करलेली भाकरी आणि दातांसाठी फ्लोराइडची पेस्ट सांगितलीत. त्या जेलमध्ये म्युसिन नाही, ते फक्त त्याची जागा थोडा वेळ सांभाळते, हेही स्पष्ट सांगितलेत. खोटी आशा लावली नाहीत, याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे.

आता तांब्या उशाशी नसतो. आपण काढलेले चित्र अण्णांच्या फाइलमध्ये आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या एका मित्राला शेकानंतर असाच त्रास सुरू झाला, तेव्हा अण्णांनी ते चित्र समोर ठेवून, दर दोन वाक्यांनी थांबत, सगळे त्यांना स्वतः समजावून सांगितले.

आपला कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाचा मुलगा