त्रिंबकजी, आबा आणि ते गाणं

प्रिय दिग्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस! शुगर ठीक, गोळ्या चालू. विषय आबांचा आहे.

सोसायटीला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघतेय आणि 'जुनं ठाणं' माझ्या गळ्यात पडलंय. कमिटीला हवी होती पहिली रेल्वे: १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, साहिब-सिंध-सुलतान. म्हटलं, ती पोरासोरांना पाठ आहे. मी दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे घेतला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनावरून इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आपल्या जेलात, कोंडलेला. पहारा मुद्दाम गोऱ्यांचाच, फितुरी नको म्हणून. आणि खिडकीखाली साहेबाचा मोतद्दार घोड्याला खरारा करत मराठीत गातोय. शिपायांना वाटतंय, गडी खुशीत आहे! गाण्यात पळण्याचा अख्खा बेत. सप्टेंबर १८१६, पावसाळी रात्र, संडासाकडच्या भिंतीला भगदाड, त्रिंबकजी पसार. (आबांनी आपल्याला संडास कधी सांगितला नाही. त्यांच्या गोष्टीत भुयार होतं, आणि ते कोपिनेश्वरात निघतं म्हणून तू माझी कॉलर धरली होतीस.)

आता घोळ ऐक. आबा हवेतल्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवत ज्या चार ओळी म्हणायचे, त्या मी लेखात घातल्या. सेक्रेटरींनी वर ठोकून दिलं, 'मूळ पारंपरिक पोवाडा'. कसला पारंपरिक? मला ते गाणं छापील सापडलं ते बिशप हेबरच्या प्रवासवर्णनात, इंग्रजीत, यमकंबिमकं जुळवून: घोडे पंचावन्न, माणसं चौपन्न, पंचावन्नावा स्वार व्हायचाय. हेबर म्हणजे १८२५ साली आपल्या ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा विधी ज्याने केला तो. त्रिंबकजीला त्याने त्याआधी, १८२४ साली, चुनारगडच्या कैदेत पाहिलं होतं.

आबांच्या ओळींतही नेमके पंचावन्न आणि चौपन्नच! मग गाणं आबांना त्यांच्या आजोबांकडून आलं, की कोर्टातल्या फायली बाजूला सारून त्यांनी हेबर वाचला आणि मराठी घरीच रचलं? मारुती आणि टारझनची एकाच गोष्टीत गाठ घालून देणारा माणूस तो, काहीही करू शकतो. रचलं असेल तर झकास रचलंय, खाली त्यांचं नाव घालू. पण ऐकीव असेल, तर ती चौदा डब्यांची गाडी त्यापुढे फिकी आहे, दिग्या! यातलं काहीच न ठरवता 'पारंपरिक' छापलं, की ते आधी व्हॉट्सॲपवर जाणार आणि मग गडकरीच्या स्टेजवरून कोणीतरी आपल्यालाच ऐकवणार. सेक्रेटरी माझ्याकडे असे बघतायत, जणू पुढचा लेख मी मेंटल हॉस्पिटलातून पाठवणार आहे.

आबांच्या वह्या तुझ्या माळ्यावर आहेत. वहिनींना चढवू नकोस, त्यांचा गुडघा दुखतोय. तूच चढ. मनूचं ठरल्याचं कळलं, छान झालं, तारीख कळव. आणि नवीन घरी पाणी येतं का नीट?

छापखान्याला सोमवारी द्यायचंय. तेव्हा रविवारपर्यंत पानाचा फोटो पाठव. ओळी आबांच्या निघाल्या तर नाव फक्त त्यांचंच पडेल, 'नातवाच्या सौजन्याने' वगैरे काही मिळणार नाही.

तुझा,
पक्या