तंबोरा मध्येच थांबतो, बॅटरी खालावते आणि दोष मात्र ग्राहकाचा

फोंडा, गोवा
८ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोबाईल विभाग

विषय: जूनच्या अपडेटनंतर बॅटरी बचतीच्या नावाखाली चालू ॲप बंद होणे, ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा नाहीशी होणे आणि बॅटरी बदलून देण्यास नकार

महोदय,

मी फोंडा तालुक्यात गेली एकवीस वर्षे गाणे शिकवते. मे २०२४ मध्ये मडगावच्या दुकानातून तुमचा फोन घेतला तो बॅटरी पाहूनच. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मी विचारलेसुद्धा नव्हते. वर्षातले तीनेक महिने फोन हाच माझा तंबोरा असतो.

घरी मिरजेचा तंबोरा आहे. पण पावसाळ्यात आमच्याकडे हवेत इतकी ओल असते की खुंट्या फुगून घट्ट बसतात, जुळवलेली तार अर्ध्या तासात हलते आणि जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीवरून उमटणारी गुंजन, नीट बोलत नाही. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी घ्यावी, तर ऐन शिकवणीत वीज जाते. म्हणून जूनपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, सगळी शिकवणी फोनमधल्या तंबोऱ्याच्या ॲपवर चालते. काळी चार ही पट्टी लावायची, पहिली तार पंचमात, स्क्रीन बंद करायची आणि फोन हार्मोनियमवर ठेवायचा. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. स्क्रीन बंद ठेवून नुसता आवाज वाजवायला बॅटरी फार लागत नाही. पहिल्या पावसाळ्यात या पाच तासांना पंधरा-सोळा टक्के पुरायचे.

ही बॅटरी मी जपून वापरली आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहणेही सोसत नाही, हे तुमच्याच माहितीपुस्तिकेत वाचून पहिल्या दिवशीच मी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी मर्यादा चालू केली. वीस टक्क्यांच्या खाली सहसा जाऊ दिले नाही. स्कूटरच्या हँडलवर उन्हात फोन कधी लावला नाही. आमचे घर डोंगराच्या कुशीत आहे, रेंजची एखादीच काडी असते. रेंज कमी असली की फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी त्यातच जाते. म्हणून शिकवणीच्या वेळी मी विमान मोड लावते. तंबोऱ्याला इंटरनेट लागत नाही.

जूनमध्ये तुमचे मोठे अपडेट आले. ‘बॅटरी आता जास्त वेळ टिकेल’ असे त्यात लिहिले होते. दुसऱ्याच संध्याकाळी भूप राग चालू असताना तंबोरा थांबला. दहा-अकरा वर्षांच्या चार मुली डोळे मिटून षड्ज लावून बसल्या होत्या. आधार गेला तसा सगळ्यात लहान मुलीचा सूर हळूहळू खाली सरकत गेला, तिच्यामागोमाग दुसरीचा, आणि कुणाला ते कळलेही नाही. मग एकीने डोळे उघडून सांगितले, “बाई, तंबोरो बंद पडलो.” ज्या वयात कान तयार होतो त्या वयात असे रोज होणे म्हणजे काय, हे गाणे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

तेव्हापासून वीस-पंचवीस मिनिटांत ॲप हमखास बंद होते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला ‘निर्बंध नाही’ अशी सवलत दिली. आठ दिवस बरे गेले. मग छोटे अपडेट आले आणि सवलत आपोआप निघाली. असे तीनदा झाले. श्रावणात आमच्या गावच्या देवळात भजनी सप्ताह असतो. अखंड भजन चालते आणि आमच्या पथकाची पाळी पहाटेची होती. गजर संपवून अभंगाला हात घातला आणि साथीचा तंबोरा गप्प. पखवाज चालूच होता, म्हणून भजन मोडले नाही. पण देवासमोर, सगळ्या गावासमोर मला खाली वाकून फोन उघडावा लागला, याचे मला फार वाईट वाटले आणि अजून वाटते.

स्क्रीन बंद असताना ॲपची बिनकामाची धावपळ थांबवायची डोझ नावाची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे. आवाज वाजवणारे ॲप तीतही वाजत राहते. म्हणजे हा जास्तीचा चाप तुमच्या कंपनीने स्वतः बसवलेला आहे. चालू असलेले काम तोडून शिल्लक टक्के वाढवून दाखवायचे, याला मी बॅटरी टिकणे म्हणणार नाही. मला त्या टक्क्यांतूनच तंबोरा वाजवायचा आहे.

दुसरी गोष्ट मला जुलैअखेर कळली. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी शंभरावर होता आणि पाठीला हात लावला तर गरम. ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमधून गायब! शोधून शोधून पाहिली, नाही. अपडेटच्या माहितीत त्याचा एक शब्द नाही. ती मर्यादा आहे या भरवशावर मी रात्रभर चार्जर लावून ठेवत होते. असे साधारण दीड महिना चालले.

आज सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर ४१२ चक्रे (पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) आणि मूळच्या ८१ टक्के क्षमता दिसते. मेमध्ये तीच ९१ होती, त्या दिवशीचा स्क्रीनशॉट सोबत आहे. तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले, तर तिथल्या मुलाने फोन न उघडताच सांगितले, “मॅडम, तुम्ही ओव्हरचार्ज करता आणि बॅकग्राउंडला ॲप चालवता.” ओव्हरचार्ज ग्राहकाला करता येत नाही, भरणे थांबवणारे सर्किट फोनमध्येच असते. नुकसान होते ते भरलेल्या, गरम बॅटरीने रात्र काढल्यामुळे, आणि ते टाळणारी सोय तुम्ही काढून घेतलीत. पुढे मला सांगण्यात आले की वॉरंटी संपली, सुटी बॅटरी गोव्यात नाही, तीन आठवडे फोन ठेवून जा, शिवाय २,४०० रुपये पडतील. त्यापेक्षा नवीन फोन घ्या, असा सल्लाही मिळाला. पंधरा महिन्यांचा, एक ओरखडा नसलेला फोन मी का टाकून द्यावा?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, असा नियम आहे. माझी त्याच्या निम्म्यावर ८१ला आली. तिकडे तुम्ही फोन विकता, म्हणजे जास्त टिकणारी बॅटरी देणे तुम्हाला जमते. गोव्यातल्या ग्राहकाला ती का नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

माझी मागणी अशी की बॅटरी मूळ बनावटीची आणि विनामूल्य बदलून द्यावी, आणि सुटा भाग मागवून मगच मला बोलवावे, कारण माझ्याकडे दुसरा फोन नाही. ८० टक्क्यांची मर्यादा पुढच्या अपडेटमध्ये परत आणावी. एखाद्या ॲपला मी दिलेली सवलत कुठल्याही अपडेटने पुसली जाऊ नये. आणि जूनमध्ये नक्की काय काय बदलले ते मला लेखी कळवावे. याच फोनवर आणखीही कुणी शिकवत असेल, कुणी रात्रपाळीला गजर लावत असेल, त्यांनाही ते समजायला हवे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, सेवा केंद्राची पावती, मे आणि सप्टेंबरचे स्क्रीनशॉट आणि वर्गात ॲप बंद पडतानाचे चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण सोबत जोडले आहे. ध्वनिमुद्रण कृपया शेवटपर्यंत ऐकावे. तंबोरा तिसऱ्या मिनिटाला थांबतो, मुलींचा सूर उतरतो तो त्यानंतर.

कळावे,
आपली ग्राहक,
एक संगीत शिक्षिका
(नाव व पत्ता बिलावर आहे)