खेळाडू जातो, क्रेडिट्स मागे राहतात

महोदय,

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या ‘ट्रान्स्फर पोर्टल’विषयी, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीविषयी, लेख होता. त्यात वारंवार कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंना ‘आयाराम-गयाराम’ म्हटलं आहे. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी अकरा वर्षं या खेळाडूंची संख्याशास्त्राची शिकवणी घेतली. तो शब्द मला लागला, म्हणून लिहिते आहे.

सराव आणि जेवण उरकून ही मुलं सातच्या सुमारास अभ्यासिकेत यायची. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, डोळ्यांवर झोप. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. त्यांच्यापैकी एकजण जॉर्जियातल्या लहान गावातून आला होता. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर तो आधीच्या कॉलेजात गेला, तो प्रशिक्षक डिसेंबरात दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी धरून निघून गेला आणि आठवड्याभरात तिथं कामालाही लागला. नव्या प्रशिक्षकाला वेगळ्या घडणीचे खेळाडू हवे होते, म्हणून मुलगा आमच्याकडे आला. त्याला मात्र पूर्ण एक वर्ष सामना खेळता आला नाही. रोज सराव करायचा आणि शनिवारी इतरांचा खेळ बघायचा. त्या वर्षी त्याचं अभ्यासातलं लक्षही उडालं होतं.

तेव्हा नियमच तसा होता. एनसीएए या खेळांची मध्यवर्ती संस्था. तिच्या वरच्या श्रेणीत फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या खेळांत कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं. टेनिस किंवा जलतरणाच्या खेळाडूला एकदा सवलत मिळे, यांना नाही. बेकर मेफील्ड हा खेळाडू २०१४ मध्ये असाच बसून राहिला आणि पुढे २०१७ चा हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्यानं जिंकला. पदवी आधीच हातात असलेल्यांना सूट होती. जो बरो हा खेळाडू त्या वाटेनं ओहायो स्टेट विद्यापीठातून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला. बाकीच्यांनी विशेष परवानगीसाठी अर्ज करायचा आणि घरातलं आजारपण, दुःख कागदावर मांडून निकालाची वाट बघायची. पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं, तोवर दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची.

एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांना एकदा न बसता जाण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांची अडचण कायमच होती. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या टेझ वॉकर या खेळाडूला आजीजवळ राहून खेळायचं होतं. त्याच्या आधीच्या एका कॉलेजचा हंगाम कोविडमुळे झालाच नव्हता, तरी ती बदली मोजली गेली. मोसम सुरू होऊन चार सामने हातचे गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरात निर्णय फिरला. त्याच डिसेंबरात ओहायोसह सात राज्यं एनसीएएविरुद्ध वेस्ट व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयात गेली आणि न्यायाधीशांनी नियमाला तात्पुरती स्थगिती दिली. एप्रिल २०२४ पासून कितीही वेळा बदली करता येते, फक्त अभ्यासात पात्र असावं लागतं.

आपल्या लेखात या अटीचा उल्लेख नाही, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

माझ्या काळात हिशेब असा होता: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याच्या सुरुवातीला ६०, पाचव्याच्या ८०. पदवी १२० क्रेडिट्सची (विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांची) धरली, तर तिसऱ्या वर्षात पाय ठेवताना ४८. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची ६४ झाली होती. त्याला अकाउंटिंग शिकायचं होतं, कारण वडिलांचे दोन ट्रक होते आणि त्यांचे हिशेब तो शाळेत असल्यापासून लिहीत होता. आमच्या विद्यापीठानं त्याच्या ६४ पैकी अकाउंटिंगच्या पदवीसाठी ४१ धरली. सात कमी पडली. मग त्याला एक सर्वसाधारण पदवी सुचवण्यात आली, तिच्यात ४९ बसत होती. तो खेळायला पात्र झाला आणि अकाउंटिंग सुटलं. सही केली तेव्हा यातलं काहीच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मैदानावरची जागा, राहण्याची सोय, पैसे, सगळं सांगितलं होतं.

आपल्याकडे विद्यापीठ बदलून समकक्षतेच्या कागदासाठी खेटे घातलेल्यांना हे समजेल. फरक इतकाच, की आपला विद्यार्थी महिनाभर थांबू शकतो. फुटबॉलपटूंना २०२६ मध्ये पोर्टलसाठी २ ते १६ जानेवारी एवढेच दिवस होते, आणि तिकडे सत्र जानेवारीच्या मध्यालाच सुरू होतं. गुणपत्रक तपासून कोणता विषय कशात बसतो हे ठरवायला माझ्या अनुभवात काही आठवडे जात. आधी मुलगा वर्गात बसतो, त्याचं काय काय धरलं गेलं हे नंतर कळतं. शिवाय पोर्टलमध्ये नाव घातलं की आधीचं कॉलेज सत्राअखेर शिष्यवृत्ती थांबवू शकतं, त्यामुळे आकडा ऐकून परत फिरावं म्हटलं तरी जागा असेलच असं नाही.

मुलांनी जाऊ नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. प्रशिक्षक जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिंकन रायली ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) गेले आणि पुढच्याच मोसमात मैदानाच्या कडेला उभे होते. खेळाडूलाही तोच हक्क हवा, आणि तो कोर्टात जाऊन मिळवावा लागला. पण त्यासोबत एक नियम हवा: खेळाडूची सही घेण्याआधी नव्या कॉलेजनं त्याला लेखी द्यावं, की तुझी इतकी क्रेडिट्स तू मागितलेल्या पदवीत धरली जातील. जुलै २०२५ पासून ही कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात; पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येत होते. गुणपत्रक चार दिवसांत तपासायला दोन माणसं नेमणं त्यांना जड नाही.

आपल्या वाचकांपैकी कुणाची मुलगी किंवा मुलगा टेनिस वा जलतरणाच्या शिष्यवृत्तीवर तिकडे असेल, तर ही टक्केवारी त्यांच्यासाठीही आहे. कॉलेज बदलण्याची गोष्ट निघाली, तर प्रशिक्षकाशी बोलण्याआधी निबंधक कार्यालयाकडून क्रेडिट्सचा आकडा ईमेलवर मागवा. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

अकाउंटिंग सुटलेला तो मुलगा पुढे पदवीधर झाला. नोकरी सांभाळून रात्री अकाउंटिंगचे राहिलेले कोर्स करतो आहे, असं त्यानं दिवाळीच्या सुमारास कळवलं. अजून चार बाकी आहेत.

त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे